टॅबच्या काचेवरची काच

अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतलेल्या मुलांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी नागपूरची महाज्योती संस्था मोफत टॅब देते. ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी ही योजना आहे. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, किनवट-माहूरच्या पट्ट्यात बंजारा तांडे पुष्कळ, त्यामुळे इथे तिचं मोल जास्त. लातूरला खोली करून क्लास लावणं ज्या घराला झेपत नाही, त्या घरातल्या मुलाची शिकवणी, सराव परीक्षा आणि नोट्स हे सगळं दोन वर्षं त्या एका पडद्यामागे असतं.

तो पडदा फुटला तर काय होतं याचा विचार टॅब हातात येतो त्या दिवशी कोणी करत नाही. फुटलेली काच वॉरंटीत सहसा बसत नाही. मोबाइलचे डिस्प्ले तालुक्याच्या गावीही मिळतात, कारण तीच ती मॉडेलं शेकडो लोकांच्या खिशात असतात. टॅबचा सुटा भाग मात्र मागवावा लागतो. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरहून लांब. आदिलाबाद त्यापेक्षा बरंच जवळ, आणि तिकडे बाजाराला जाणं इथल्या माणसाला नवं नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. पण नांदेड असो की आदिलाबाद, भाग येईपर्यंत अभ्यास थांबतो, आणि परीक्षेची तारीख काही थांबत नाही. म्हणून टॅबवर कोणता गार्ड लावायचा आणि कसा लावायचा, हा प्रश्न मी किरकोळ मानत नाही.

काचेचं नुकसान दोन तऱ्हांनी होतं: तिच्यावर ओरखडे पडतात किंवा ती तडकते. ओरखड्यांचं गणित जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ साली सोपं करून ठेवलं. त्यांनी खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी उतरंड लावली. वरच्या पायरीवरचं खनिज खालच्या पायरीवरच्याला ओरखडतं. आपलं नख अडीचच्या आसपास, तांबं तीनच्या आसपास, टॅबची काच साडेपाच ते साडेसहा. नदीच्या रेतीत उन्हात चमकणारी गारगोटी ७.

या आकड्यांवरून एक गोष्ट लगेच उमगते. दप्तरात टॅबजवळ चाव्या ठेवू नका असं सगळे बजावतात, पण पितळी चावीने काचेवर ओरखडा उठत नाही. उठतो तो त्याच दप्तराच्या तळाशी साठलेल्या रेतीच्या कणाने. इथली काळी माती त्या मानाने निरुपद्रवी, कारण तिच्यातली चिकण खनिजं मऊ असतात. घात करते ती बांधकामाची रेती आणि एसटीच्या खिडकीतून येणारी रस्त्याची धूळ. त्यातही सर्वांत जास्त ओरखडे पडतात ते टॅब पुसताना. मूल शर्टाच्या बाहीने किंवा ओढणीच्या टोकाने पडदा कोरडाच घासतं, एखादा कण कापडाखाली सापडतो आणि काचेवर रेघ ओढत जातो. आधी फुंकर मारावी, मग मऊ कापड किंचित ओलं करून हलक्या हाताने फिरवावं. एवढ्याने निम्मं काम होतं.

ओरखडा फक्त दिसायला वाईट असतो असं नाही. ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात काच इतकी सहज का फुटते याचं उत्तर दिलं. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. ताण आला की तो चिरेच्या टोकाशी एकवटतो, आणि एका मर्यादेपलीकडे चीर आपोआप पुढे धावते. म्हणजे आज पडलेला ओरखडा हा उद्याच्या तड्याची सुरुवात ठरू शकतो. सहा महिने ओरखडे खाल्लेला टॅब पलंगावरून खाली पडून फुटतो आणि नवा टॅब त्याच उंचीवरून पडून वाचतो, यामागे नशिबापेक्षा हे कारण मोठं असतं.

आता दुकानात जाऊ. ‘टेम्पर्ड द्या’ म्हटलं की जी काच हातात येते ती जेमतेम ०.३३ मिलिमीटर जाड असते. मोटारीच्या खिडकीची काच तापवून एकदम थंड करून कडक करतात. एवढ्या पातळ काचेला ती रीत चालत नाही, कारण बाहेरचा थर आणि आतला गाभा जवळजवळ एकाच वेळी थंड होतात. तिला सुमारे ४०० अंश सेल्सिअसवर वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात. भरलेल्या एसटीत तिघांच्या बाकावरून किरकोळ माणूस उठावा आणि तिथे दणकट माणूस येऊन बसावा, तशी पृष्ठभागावर दाटी होते. या दाटीने काचेचा वरचा थर कायम दाबाखाली राहतो आणि ग्रिफिथने सांगितलेल्या चिरा मिटलेल्या राहतात. काच तडकवायची तर आधी हा दाब मोडून काढणारा ताण द्यावा लागतो. फोनच्या पडद्यांवर येणारी कॉर्निंग कंपनीची गोरिला ग्लास याच तत्त्वावर तयार होते.

गार्डच्या पाकिटावर मात्र यातलं काही लिहिलेलं नसतं. तिथे ठळक अक्षरांत असतं ‘९ एच’. ते वाचून गिऱ्हाइकाला वाटतं, मोह्सच्या उतरंडीत ९, म्हणजे माणिक-नीलमाच्या बरोबरीची काच. तसं मुळीच नाही. हा ‘एच’ पेन्सिलीवरचा आहे. रंगाचा थर किती कठीण झाला ते तपासायला वेगवेगळ्या पेन्सिली ४५ अंशांत धरून ठरावीक वजनाखाली त्यावरून ओढतात. त्या संचातली सर्वांत कडक पेन्सिल ९ एच. त्या पेन्सिलीने ओरखडा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीने खिडकीच्या साध्या काचेवरही ओरखडा पडत नाही. तेव्हा गार्ड ९ एच असला तरी रेतीतली गारगोटी त्याला ओरखडणारच. ‘११ डी’, ‘२१ डी’ या आकड्यांमागे तर कुठलंच मानक नाही. दुकानदार आकडा वाढवून भाव वाढवत असेल तर त्याला सरळ साधी काच मागावी.

मग गार्डचा उपयोग काय? तो स्वतः ओरखडे खातो आणि खालची मूळ काच कोरी ठेवतो. दोन-चारशे रुपयांची काच दर वर्षी बदलता येते, टॅबची काच तशी बदलता येत नाही. पडण्याच्या बाबतीत त्याचा भरवसा कमी. सपाट पडून खडा लागला तर तो मधला मार बऱ्यापैकी सोसतो. टॅब कोपऱ्यावर आपटला किंवा दप्तरात पुस्तकांच्या ओझ्याखाली वाकला तर गार्ड फार काही करू शकत नाही. तिथे कव्हर लागतं, कोपऱ्यांना जाड रबर असलेलं आणि ज्याची कड काचेपेक्षा थोडी वर येते असं. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर मी आधी कव्हर घ्यायला सांगेन.

काचेऐवजी फिल्मही मिळते. एक पीईटीची, पाण्याच्या बाटल्या ज्या प्लॅस्टिकच्या असतात त्याचीच. ती स्वस्त आणि पातळ, पण तिच्यावर ओरखडे लवकर उठतात. दुसरी टीपीयूची, दुकानात ‘हायड्रोजेल’ नावाने मिळते. रबरासारखी लवचीक असल्यामुळे तिच्यावरचा बारीक ओरखडा काही वेळाने आपोआप बुजतो. आता काही दुकानांत मशिन असतं, त्यात मॉडेल निवडलं की फिल्म त्या मापाची कापून निघते. टॅबची तयार काच लहान गावात बहुधा नसतेच, तेव्हा ही सोय कामाची; फक्त मशिनमध्ये टॅबच्या मापाची शीट बसते का ते आधी विचारावं. लहान भावंडं टॅब हाताळणार असतील तरी फिल्म बरी, कारण ती फुटून बोटात घुसत नाही. बाकी रोज दप्तरातून नेण्याच्या टॅबला माझं मत काचेलाच.

मॅट फिल्म अभ्यासाच्या टॅबला लावू नये असं मला वाटतं. डोक्यावरच्या दिव्याचं प्रतिबिंब ती घालवते हे खरं, पण त्यासाठी तिचा पृष्ठभाग खडबडीत केलेला असतो आणि आतून येणारा प्रकाशही त्यावर विखुरतो. स्वस्त टॅबमध्ये ८.७ इंचांच्या पडद्यावर १३४० गुणिले ८०० ठिपके असतात, म्हणजे इंचाला १७९. आधीच विरळ असलेल्या त्या अक्षरांवर मॅट फिल्म आली की रासायनिक सूत्रातले खालचे बारीक आकडे आणखी फिसकटतात. दिवा डोक्यामागून बाजूला घेतला तर प्रतिबिंब फुकटात जातं. ‘डोळे वाचवणारी’ निळा प्रकाश अडवणारी काच घेऊन जास्तीचे पैसे घालवू नयेत. पडद्यातून येणारा निळा प्रकाश उन्हातल्याच्या मानाने अगदीच थोडा, आणि त्यासाठी खास चष्मे वापरायची शिफारस अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही करत नाही. डोळे शिणतात ते तासन्‌तास जवळ पाहिल्याने आणि पापणी कमी लवल्याने. द्रव गोंद ओतून वर अतिनील दिवा धरून बसवायची काच वाकड्या कडांच्या फोनसाठी निघाली. सपाट टॅबला तिची गरज नाही आणि गोंद स्पीकरच्या जाळीत उतरण्याचा धोका मात्र आहे.

मापाच्या बाबतीत इंचांवर विसंबू नये. इंच हे पडद्याच्या कर्णाचं माप. दहा इंचांचा एक पडदा १६ः१० प्रमाणाचा असेल तर तो साधारण साडेएकवीस सेंटिमीटर लांब आणि साडेतेरा रुंद होतो. तोच ४ः३ चा असेल तर वीस लांब आणि पंधरा रुंद. सॅमसंगचे टॅब ए-७ लाइट आणि टॅब ए-९ दोन्ही ८.७ इंची, तरी एकाची काच दुसऱ्याला आहे म्हणून घेऊ नये. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट टॅबलेट’ उघडलं की मॉडेल क्रमांक दिसतो. तो आकडे-अक्षरांसकट कागदावर उतरवून घ्यावा आणि दुकानात किंवा ऑनलाइन त्याच क्रमांकाची काच मागावी. घरी आणल्यावर कागद न सोलता ती एकदा टॅबवर ठेवून बघावी: कॅमेऱ्याचं भोक जागेवर येतं का, चारी बाजूंना सारखी फट राहते का आणि कव्हर घातल्यावर कव्हरची कड काचेला उचलत तर नाही ना.

आता लावणं. फोनला काच लावणारा सराईत हातही टॅबपुढे अडतो, आणि त्याची कारणं मोजून दाखवता येतात. साडेसहा इंची फोनचा पडदा शंभर चौरस सेंटिमीटरच्या आसपास, साडेदहा इंची टॅबचा तीनशेच्या वर. म्हणजे धुळीचा कण सापडायची शक्यता तिप्पट. शिवाय काच एका टोकाला नीट टेकवली आणि हात फक्त १ अंशाने वळला, तर चोवीस सेंटिमीटरवरच्या दुसऱ्या टोकाला ती चार मिलिमीटर सरकलेली असते. कॅमेरा झाकायला एवढं पुरे.

किनवटमध्ये या धुळीत आणखी एक भर पडते ती कापसाची. दिवाळीच्या पुढे वेचणी सुरू होते, भाव वाढेल या आशेवर कापूस घरातल्याच खोलीत रचून ठेवतात, आणि त्याचे तंतू हवेत तरंगत राहतात. एक तंतू दिसतो नुसत्या डोळ्यांना जेमतेम, पण काचेखाली गेला की त्याच्याभोवती हवेची एक लांबट पोकळी तयार होते, तंतूच्या जाडीच्या कितीतरी पट रुंद. काच ताठ असते. ती तंतूभोवती वळत नाही, तिथून दूरपर्यंत उचललेली राहते. लवचीक फिल्म तंतूला बिलगते म्हणून तिचा बुडबुडा लहान दिसतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अडचण वाढते, कारण गार्डवरचा कागद सोलताना घर्षणाने वीजभार साठतो आणि ती चिकट बाजू जवळपासचे तंतू स्वतःकडे ओढून घेते.

म्हणून जागा निवडणं हे लावण्यातलं अर्धं काम. सर्वांत चांगली जागा न्हाणी. सकाळच्या आंघोळी उरकल्यावर, गरम पाण्याची वाफ बसली की हवेतली धूळ तिच्यासोबत खाली बसते आणि दमट हवेत वीजभारही टिकत नाही. वाफ विरल्यावर, कोरड्या पाटावर टॅब ठेवून काम करावं. पंखा बंद. अंगात लोकरीचं किंवा सुटे धागे निघणारं काही नको, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हात धुऊन सुकवलेले.

टॅब बंद करावा; काळ्या पडद्यावर धूळ चांगली दिसते. पाकिटात सहसा एक ओला रुमाल, एक कोरडा आणि काही चिकट पट्ट्या असतात. ओल्या रुमालाने बोटांचे तेलकट डाग काढावेत, कडांकडून मध्याकडे न जाता मध्याकडून कडांकडे. मग कोरड्याने पुसावं. त्यानंतर पुन्हा कापड लावायचं नाही, कारण कापडच धागे सोडतं. उरलेले कण चिकट पट्टीने टिपून घ्यायचे: पट्टी लावायची, उचलायची, शेजारी लावायची. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहिलं की कण आपल्या सावलीसकट दिसतात.

कागद सोलण्याआधी काच टॅबवर तंतोतंत जागेवर ठेवावी आणि एका लांब बाजूला तीन ठिकाणी चिकटपट्टी लावून ती टॅबच्या कडेला जोडावी. आता काच दाराच्या पल्ल्यासारखी उघडते आणि मिटते, आणि मिटताना प्रत्येक वेळी त्याच जागी येते. १ अंशाचा प्रश्न इथे संपतो. पल्ला उघडायचा, खालचा कागद सोलायचा, काचेवर आणि टॅबवर शेवटची नजर टाकायची, दिसलेला कण पट्टीने टिपायचा आणि काच हळूच खाली सोडायची. दाबायचं नाही. मधोमध बोटाने एकदा टेकवलं की चिकट थर स्वतःहून पसरत जातो. काचेखालून एक काळसर लाट कडांकडे सरकताना दिसते. ती पाहण्यासारखी असते, आणि घाई केली तर तिच्यात हवा अडकते.

तो थर सिलिकॉनचा असतो. त्यात चिकटण्यासाठी गोंद वाळावा लागत नाही. मऊ थर काचेच्या इतका जवळ जातो की दोहोंच्या रेणूंमधलं आकर्षणच त्यांना धरून ठेवतं. म्हणूनच मध्ये धूळ असेल तर तेवढी जागा सुटते. काच लागल्यावर ‘नाहीशी’ का होते, याचं कारणही हाच थर. काच आणि हवा यांच्या सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. काच आणि सिलिकॉन यांच्या सीमेवर पाव टक्काही फिरत नाही, कारण दोघांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा. हवा राहिली तिथे चकाकी राहते, म्हणून बुडबुडा डोळ्यांत खुपतो. काही स्वस्त काचांना फक्त कडेनेच गोंद लावलेला असतो आणि मधे सगळीकडे हवेची फट राहते. अशा काचेवर तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात आणि टचही मंद होतो. टच चालतो तो बोट आणि पडद्याखालच्या पारदर्शक विद्युतवाहक जाळीमधल्या धारितेवर. जाड काचेतून ती जाळीपर्यंत पोहोचते, हवेच्या फटीतून फार कमी पोहोचते. काच घेताना पूर्ण पृष्ठभागावर गोंद आहे ना, हे विचारावंच.

राहिलेले बुडबुडे दोन प्रकारचे. मधे ठिपका किंवा तंतू नसलेला बुडबुडा हवेचा; त्याला कार्डाच्या कडेने, कार्डाला कापड गुंडाळून, कडेकडे ढकलावं. बारीक असेल तर तो दिवस-दोन दिवसांत आपोआप जिरतो. मधे कण दिसत असेल तर कितीही दाबलं तरी तो जाणार नाही. ती कड नखाने न उचलता चिकटपट्टीने वर ओढून धरावी, दुसरी पट्टी आत घालून कण टिपावा, काच परत सोडावी. चिकट बाजूला बोट लागता कामा नये; बोटाचा डाग कणापेक्षा चिवट.

दुकानात लावून घेणार असाल तर हेच सगळं तिथे घडतं का ते उभं राहून पाहावं. रस्त्याच्या कडेचा काउंटर, डोक्यावर पंखा आणि मागे गिऱ्हाइकांची गर्दी असेल तर काच विकत घेऊन घरी येणं चांगलं. दुकानदाराला सकाळी दुकान झाडल्यावर थोड्या वेळाने, पंखा बंद करून लावा असं सांगितलं तर तोही ऐकतो. फुकट गेलेली काच त्यालाही परवडत नाही.

गार्डला तडा गेला की तो लगेच काढावा. तड्याच्या कडा बोटाला लागतात आणि सुटलेला तुकडा खालच्या काचेवर घासला जातो. काढताना आधी संपूर्ण काचेवर रुंद चिकटपट्टी लावावी, म्हणजे तुकडे विखुरत नाहीत. न तडकलेल्या कोपऱ्यात जुनं प्लॅस्टिकचं कार्ड घालून, काच जितकी सपाट ठेवता येईल तितकी ठेवत, कार्ड हळूहळू आत सरकवत जावं; एकदम वर ओढू नये. निघालेली काच जाड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी, कचरा उचलणाऱ्या बाईचा हात कापणार नाही अशी. मग दिवा तिरका धरून खालच्या मूळ काचेवर कोपऱ्यांपाशी केसासारखी रेघ आहे का ते पाहावं. रेघ दिसली तर नवा गार्ड लावायची घाई करू नये. अनेक स्वस्त टॅबमध्ये वरची टचची काच आणि आतला डिस्प्ले वेगवेगळे असतात, आणि नुसती काच बदलणं पूर्ण डिस्प्ले बदलण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. नांदेडला किंवा आदिलाबादला जाण्याआधी फोन करून मॉडेल क्रमांक सांगावा आणि फक्त टच मिळेल का ते विचारून घ्यावं.